पेन्सिल उचलायची नाही

आमच्या कॉलेजच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत एक पत्र्याचं कपाट होतं. त्यात स्टॉपवॉच, पुठ्ठ्याचे पडदे, आणि एका फायलीत चक्रव्यूहांचे छापील कागद. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मी बी.ए.च्या मुलांना ते कागद वाटले. सूचना ठरलेली असे: “वाट शोधत बाहेर पडा. रेषेला शिवायचं नाही, कोपरा कापायचा नाही, पेन्सिल उचलायची नाही.” सगळे माना डोलवत, आणि दुसऱ्याच वळणावर कुणाची तरी पेन्सिल हवेत!

हे चक्रव्यूह स्टॅनली पोर्टियस या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचे. मेलबर्नमध्ये मतिमंद मुलांच्या खास शाळेत काम करताना त्याला वाटू लागलं, की फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने याच्या बुद्धिचाचणीत मुलाचा धोरणीपणा, पुढचं पाहून पाऊल टाकणं, हे काही सापडत नाही. म्हणून १९१४ साली त्यानं चक्रव्यूह मांडले. १९४२ मध्ये त्यानं गुण देण्याची आणखी एक रीत काढली. मूल बाहेर पडलं का, हा प्रश्न बाजूला ठेवायचा. कसं पडलं ते पाहायचं. उचललेली पेन्सिल, ओलांडलेली रेषा, कापलेला कोपरा, सगळ्याची नोंद करायची. गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांच्या कागदांवर अशा चुका जास्त निघाल्या. याच पोर्टियसनं याच कागदांवरून मानववंशांची उतरंडही लावली, हे मी वर्गात कधी लपवलं नाही. त्यामुळेच हवाई विद्यापीठानं पुढे एका इमारतीला दिलेलं त्याचं नाव काढून टाकलं.

१९६०च्या दशकात जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञानं उतावळेपणा मोजायला वेगळी कसोटी लावली. एक चित्र वर, खाली जवळजवळ तशीच सहा. हुबेहूब जुळणारं एकच. पहिलं उत्तर किती सेकंदांत आलं आणि चुका किती झाल्या, दोन्ही टिपायचं. भराभर बोट ठेवून चुकणारा तो उतावळा. आमच्या घरी अशाला ‘धांदरट’ म्हणत.

वॉल्टर मिशेल हा मानसशास्त्रज्ञ मात्र खाऊकडे वळला. त्याचा स्टॅनफर्डचा मार्शमेलोचा प्रयोग (समोरचा एक लगेच खा, किंवा थांबलास तर दोन मिळतील) सगळ्यांना माहीत असतो; त्याआधीचा त्रिनिदाद फारसा कुणाला माहीत नसतो. तिथल्या आफ्रिकन आणि भारतीय वंशाच्या शाळकरी मुलांना त्यानं विचारलं होतं: एक सेंटची गोळी आत्ता हवी, की दहा सेंटची आठवड्यानं? १९५८ साली छापलेल्या त्या अभ्यासात, वडील घरात नसलेली मुलं छोटी गोळी जास्त वेळा घेताना दिसली. मला यात हावरेपणापेक्षा हिशेब दिसतो. उद्याचा भरवसा नसेल तर आजचं घ्यावं! २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या संशोधकांनी हेच ताडून पाहिलं. चांगले रंग आणून देतो म्हणणाऱ्या मोठ्या माणसानं आधी शब्द मोडला, तर मुलं मार्शमेलोपुढे सरासरी तीनच मिनिटं थांबली. शब्द पाळला, तेव्हा बारा.

आणखी एक वाट प्रश्नावलीची: आपण किती उतावळे, हे माणसालाच विचारायचं. अर्नेस्ट बॅरटनं १९५९ मध्ये सुरुवात केली. आज वापरात आहे ती १९९५ची, तीस विधानांची. ‘क्वचित’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत चार पर्याय, आणि त्यांतून तीन अंगं: लक्ष न टिकणं, विचाराआधी हात चालणं, पुढची आखणी नसणं.

खरी पंचाईत पुढेच आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानं प्रश्नावलीत स्वतःला शांत, विचारी ठरवलं आणि चक्रव्यूहात तीन कोपरे कापले. “सर, मग खरं कुठलं?” तो म्हणाला. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. हे फक्त त्याच्या बाबतीत घडलं असंही नाही. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो आणि कसोटीत जे करतो, त्यांचा मेळ फार थोडा बसतो, हे संशोधनात पुन्हापुन्हा दिसलं आहे.

२००१ मध्ये व्हाइटसाइड आणि लायनम या संशोधकांनी जुन्या प्रश्नावल्या एकत्र पिंजल्या आणि सांगितलं, की आपण एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी मोजत होतो: मन बिनसलं की भलतंच करून बसणं, परिणामांचा विचार न करणं, हाती घेतलेलं तडीस न नेणं, आणि थराराची ओढ.

ते वाचताना मला आईची आठवण झाली. आम्ही चार भावंडं. थोरल्याला ती म्हणे, “डोक्यात राख घालून घेतो.” ताई ‘अविचारी’. धाकट्याला “नसतं धाडस अंगाशी येईल” हे रोजचं. आणि मी ‘आरंभशूर’, माझी पीएच.डी. अजून अर्धीच आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात या सगळ्याला एकच शब्द होता, ‘आवेगशीलता’. आईनं तो कधी ऐकला नव्हता, त्यामुळे चौघांना एकच औषधही तिनं कधी दिलं नाही.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. प्रगतिपुस्तकात ‘उतावळा’ असा शेरा लिहिण्याआधी, यातला कुठला, तेही लिहा.