खोटा ग्लाइड स्लोप

विमानाच्या उपकरण अवतरण प्रणालीतील (आयएलएस) लोकलायझर धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो, तर ग्लाइड स्लोप सुमारे ३ अंशांचा उतार. ९० व १५० हर्ट्‌झचे दोन संकेत समान मिळाले की काटा मध्यावर राहतो. धोका इथेच आहे: प्रक्षेपक बिघडून सर्वत्र समान संकेत देऊ लागला, तर चुकीच्या उंचीवरही काटा मध्यावरच दिसतो आणि इशारा-निशाण उमटत नाही.

जुलै २००० मध्ये सामोआतील फालेओलो येथे रात्री उतरणाऱ्या एअर न्यूझीलंडच्या बोइंग ७६७ बाबत हेच घडले. प्रक्षेपकाची देखरेख यंत्रणा बायपास स्थितीत राहिली होती. बाहेरचे दिवे अपेक्षेप्रमाणे दिसेनात, तेव्हा वैमानिकांनी अवतरण सोडून विमान वर नेले. त्या वेळी विमान धावपट्टीपासून सुमारे साडेपाच सागरी मैलांवर, ४०० फुटांहून कमी उंचीवर होते; तिथे सुमारे १,७०० फूट उंची हवी होती.

ऑगस्ट १९९७ मध्ये ग्वाममध्ये ग्लाइड स्लोप बंद असल्याची पूर्वसूचना असूनही कोरियन एअरचे विमान टेकडीवर आदळले; २२८ जण दगावले. म्हणून अंतर व उंचीचा मेळ घालणे हीच वैमानिकांची सर्वांत भरवशाची तपासणी: ३ अंशांच्या उतारावर एका सागरी मैलास साधारण ३०० फूट.