मुंबईतील वकिलीची उमेदवारी

मुंबईत कायद्याचे रीतसर शिक्षण १८५५ मध्ये सुरू झाले. आजचे शासकीय विधी महाविद्यालय तेव्हाचे. वर्गात करार, वारसाहक्क, पुराव्याचा कायदा शिकता येई. पण कैफियतीत काय लिहायचे आणि काय वगळायचे, उलटतपासणीत कुठे थांबायचे, न्यायाधीशांपुढे उभे राहिल्यावर पहिले वाक्य कोणते बोलायचे, हे पुस्तकात नव्हते. ते एखाद्या जाणत्या वकिलाकडे उमेदवारी करूनच हाती येई. त्यामुळे अशी जागा कोणाला मिळते आणि कोणाला नाही, यावर अनेकांची वकिली ठरली.

१८६२ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई हायकोर्टाच्या रचनेमुळे हा प्रश्न आणखी बिकट झाला. ओरिजिनल साइडवर, म्हणजे थेट हायकोर्टातच दाखल होणाऱ्या दाव्यांत, अशिलाला बॅरिस्टरकडे थेट जाता येत नसे. सॉलिसिटर कागदपत्रे जमवी, ब्रीफ तयार करी आणि मगच ते बॅरिस्टरकडे जाई. सॉलिसिटरशी ओळख नसलेल्या नवख्याकडे काम येण्याची वाटच नव्हती. सॉलिसिटर होणाऱ्यांना निदान आर्टिकल्ड क्लार्क म्हणून ठरावीक काळ फर्ममध्ये काढणे बंधनकारक होते. विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरला तसे काहीच बंधन नव्हते, आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागे.

मोहनदास गांधींचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर अनुभवासाठी ते मुंबईत राहिले. गिरगावातून चालत हायकोर्टात जायचे आणि इतरांचे कामकाज ऐकायचे, हा त्यांचा क्रम. दलालाला कमिशन द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. तरीही ममीबाई नावाच्या बाईंचा खटला त्यांच्याकडे आला. फी ३० रुपये, कोर्ट स्मॉल कॉजचे. प्रतिवादीतर्फे उभे राहून वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची होती. ते उठले, पण एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, फी परत केली आणि खटला दुसऱ्या वकिलाकडे गेला. पुढे राजकोटला अर्ज लिहून देण्याच्या कामावर त्यांचे भागू लागले. वकिली त्यांना खऱ्या अर्थाने समजली ती दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियात, १८९३ नंतर. व्यापारी दादा अब्दुल्ला यांच्या ४० हजार पौंडांच्या दाव्याचे मूळ हिशेबाच्या वह्यांत होते. गांधींनी जमाखर्चाचे पुस्तक विकत घेऊन ती विद्या शिकून घेतली आणि गुजराती पत्रव्यवहाराची भाषांतरे केली. वस्तुस्थिती पुरती माहीत असली की कायदा आपोआप बाजूने उभा राहतो, हा धडा त्यांना त्या कागदांनी दिला.

ज्यांना चेंबर मिळाले त्यांची वाट वेगळी होती. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या महंमद अली जिनांना मॅकफर्सन या इंग्रज बॅरिस्टरने आपल्या चेंबरमध्ये वाचनाची मुभा दिली. पुढे जिनांच्याच चेंबरमध्ये एम. सी. छागला यांनी अनेक वर्षे काढली. मिठन टाटा (नंतरच्या लाम) १९२३ मध्ये बॅरिस्टर झाल्या आणि भुलाभाई देसाईंकडे काम करू लागल्या. ज्युनिअरला या काळात पैसे फारसे मिळत नसत. नजिरा शोधायच्या, मसुदा करायचा, सीनिअरने त्यात केलेल्या काटछाटीकडे नीट पाहायचे आणि युक्तिवाद चालू असताना मागे बसून हवे ते पान क्षणात पुढे करायचे. त्या काटछाटीचे मोल एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा त्यांना असा आधार नव्हता. अस्पृश्यतेमुळे सॉलिसिटरांचे काम त्यांच्याकडे येणे अवघड होते, म्हणून त्यांनी सॉलिसिटरची गरज नसलेली अपील साइड धरली. परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत गरीब पक्षकार येत. बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून ते मिळकतीला जोड देत. इतकी विद्वत्ता असूनही पहिली वर्षे इतकी खडतर गेली, हा दोष त्या काळातील सामाजिक व्यवस्थेचा होता.

१९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याने देशभर एकच प्रकारचा वकील केला आणि सनदेपूर्वी प्रशिक्षण व परीक्षेची अट घातली. मात्र १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये एक वर्षाच्या उमेदवारीचे नियम केले. ते १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले, कारण तसे नियम करण्याचा अधिकार कायद्याने कौन्सिलकडे ठेवलेला नव्हता. त्यानंतर कौन्सिलने अखिल भारतीय बार परीक्षा आणली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. ही परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आहे. साक्षीदारासमोर उभे राहण्याची तयारी आजही ज्युनिअर म्हणून सीनिअरच्या मागे बसूनच होते.