पहिलवानाचा वस्ताद होतो तेव्हा

जत्रेतली शेवटची कुस्ती सुटते, हलगी थांबते, जिंकलेल्या पहिलवानाला खांद्यावर घेऊन मंडळी नाचत निघतात, आणि आपण कपड्यांवरची धूळ झटकून घरचा रस्ता धरतो. माळेगावची जत्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, रिवाज हाच. त्या पहिलवानाचं पुढं काय होतं, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. पस्तिशी आली की गुडघे कुरकुरू लागतात, खुराक परवडेनासा होतो, जोडीचे पहिलवान आखाडा सोडून शेतीला लागतात. भिंतीवर गदा आणि फेटा तेवढा उरतो. इतिहास लिहिणारेसुद्धा जिंकलेल्या कुस्त्या मोजतात आणि तिथंच लेखणी खाली ठेवतात.

आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच, माझ्या मते काकणभर अधिकच, मोलाचा आहे. त्यांचे नाव हरिश्चंद्र बिराजदार. जन्म 1950 सालचा, गाव निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड. आपण त्यांना लातूरचे पहिलवान म्हणतो. पण ते जन्मले तेव्हा निलंगा तालुका हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात मोडत होता. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला. लातूर जिल्हा झाला 1982 साली. म्हणजे हा गडी परदेशातून सोन्याचं पदक घेऊन आला, त्यानंतर बारा वर्षांनी त्याचा जिल्हा जन्माला आला! गाव जागच्या जागी. पत्ता मात्र बदलत गेला.

इथं एका शब्दाकडे शिक्षक मंडळींचं लक्ष वेधावंसं वाटतं. आपण व्यायामाच्या, कुस्तीच्या जागेला 'तालीम' म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ शिक्षण. निजामी राजवटीत शाळाखात्याच्या कागदांवर हाच शब्द असे. 'वस्ताद' हा शब्दही 'उस्ताद' वरून आलेला, म्हणजे गुरुजीच. तेव्हा तालीम ही भाषेच्या हिशेबानं शाळाच आहे. फरक एवढाच, की आपल्या शाळेत पाटी असते आणि तिथं माती असते. ताक, हळद, तेल, लिंबू घालून मुरवलेली.

पण चांगली तालीम गावोगावी कुठून असणार? कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी पहिलवानांना आश्रय दिला, खासबागेचं मोठं मैदान बांधलं; ते 1912 साली पुरं झालं. मराठवाड्यात अंगात रग असलेल्या पोरांची वाण नव्हती, जत्रांची तर नव्हतीच नव्हती. वाण होती ती पोशिंद्याची. दूध, तूप, बदाम यांचा खुराक कोरडवाहू शेतकऱ्यानं किती दिवस पुरवायचा? दोन पावसाळे दगा देऊन गेले की आधी गोठ्यातली म्हैस विकली जाते आणि मग पोराची तालीम सुटते. म्हणून ज्याला कुस्तीत नाव काढायचं, त्यानं पश्चिमेची वाट धरायची, हे जणू ठरूनच गेलं होतं. बिराजदारही त्याच वाटेनं कोल्हापूरला गेले आणि तिथल्या मातीत घडले.

महाराष्ट्र केसरीची स्पर्धा 1961 साली सुरू झाली. 1969 चे महाराष्ट्र केसरी बिराजदार. वय अवघं एकोणीस. लगेच पुढच्या वर्षी, 1970 साली, स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरी राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या. तिथं 82 किलो वजनगटात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. त्या स्पर्धांत भारताला एकंदर पाच सुवर्णपदकं मिळाली आणि पाचही कुस्तीतली. त्यांतलं एक निलंगा तालुक्याच्या पोरानं आणलं.

हे यश किती अवघड, हे समजायला मातीची आणि मॅटची कुस्ती यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. मातीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की चितपट, खेळ खलास. तोवर घटका दोन घटका नुसती दमछाक चालली तरी पंच हरकत घेत नसत. जोडीदाराला दमवून, त्याचा श्वास जोखून मग डाव टाकायचा, ही मातीची रीत. मॅटवर घड्याळ लावलेलं असतं. प्रत्येक पकडीला गुण. चितपट न करताही गुणांवर कुस्ती जाते. पाय घसरण्याची रीत वेगळी, पडण्याची वेगळी. ज्याचं सारं शिक्षण मातीत झालं, त्यानं विशीत परक्या मुलखात जाऊन गादीवर सोनं मिळवणं म्हणजे विहिरीत पोहायला शिकलेल्यानं पूर आलेली गोदावरी पार करण्यासारखं होतं.

पुढं 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताब त्यांच्या नावाला जोडला गेला. 1977 साली त्यांनी दिल्लीचा नामांकित मल्ल सत्पाल याच्यावर मात केली. जुनी जाणती मंडळी ही कुस्ती अजूनही पारावर बसून पुन्हा खेळतात. सत्पाल काही साधा गडी नव्हता. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत 100 किलो गटाचं सुवर्णपदक त्यानंच मिळवलं.

आता उत्तरार्ध. बिराजदारांनी आखाड्यातून बाहेर पडून पाठ फिरवली नाही. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरं घडवू लागले. तिथं त्यांना कोणी 'सर' म्हणत नसे, 'मामा' म्हणत. गावाकडचं पोर पेटी घेऊन शहरात येतं, तेव्हा त्याला डावपेचांच्या आधी एक घरचं माणूस लागतं. त्या हाकेतच ते सारं येतं.

वस्तादाचं काम पाहायला गेलं तर डोळ्यात भरत नाही. पहाटे अंधारात पोरांना उठवायचं, जोर-बैठका मोजायच्या, कोणाची लढत कोणाशी लावायची ते ठरवायचं. नवख्याला फार दांडग्या गड्याच्या पुढं टाकलं तर त्याचा धीर सुटतो. कायम हलक्याशी खेळवलं तर तो फुशारतो. कोणी घरच्या आठवणीनं गप्प आहे, कोण दुखणं लपवतो आहे, कोणाचा खुराकाचा पैसा आलेला नाही, हे न सांगता ओळखावं लागतं. आपल्या वर्गात चाळीस पोरं असतात; त्यांतली किती आपण अशी ओळखतो, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. असो.

मामांच्या हाताखालून निघालेले दोन मल्ल आपल्याच भागातले. एक लातूर जिल्ह्याचे काका पवार. ग्रीको-रोमन हा त्यांचा प्रकार. यात कमरेखाली हात घालता येत नाही, पायांचा वापर करता येत नाही. पट काढण्यात हयात घालवणाऱ्या मराठी पहिलवानाला हा प्रकार म्हणजे उजवा हात बांधून जेवण्यासारखा! त्यात पवारांनी नाव मिळवलं. 1998 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. दुसरा राहुल आवारे, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, जन्म 1991. वडील स्वतः पहिलवान. पहिले धडे त्यांनीच दिले आणि मग पोर मामांच्या हवाली केलं. 2008 साली पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांत राहुलनं सुवर्णपदक घेतलं. मामांना ते पाहायला मिळालं. त्याआधी 2006 साली सरकारनं ध्यानचंद पुरस्कार देऊन मामांच्या आयुष्यभराच्या सेवेची दखल घेतली होती.

सप्टेंबर 2011 मध्ये बिराजदार गेले. राहुल तेव्हा एकोणीस वर्षांचा, म्हणजे मामा महाराष्ट्र केसरी झाले त्याच वयाचा. ऐन उमेदीत वस्ताद जाणं म्हणजे अर्ध्या वाटेत कंदील विझणं. पण मामांनी घडवलेला दुसरा वस्ताद आता उभा होता. राहुल काका पवारांच्या तालमीत दाखल झाला. एप्रिल 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धांची 57 किलोची अंतिम लढत त्यानं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीवर 15-7 अशी जिंकली, आणि ते सोनं दिवंगत गुरूला अर्पण केलं. एडिंबरोला त्याच स्पर्धांत गुरूनं सोनं घेतलं, त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत, कझाकस्तानात, राहुल 61 किलोत ब्राँझपदकाचा मानकरी झाला.

इथं सत्पाल पुन्हा आठवतो. 1977 च्या त्या जोडीतले दोघेही पुढं वस्ताद झाले. सत्पालच्या हाताखाली दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर सुशील कुमार घडला. त्यानं 2008 आणि 2012 अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकांत पदकं मिळवली. मग आपली पोरं तिथवर का पोचली नाहीत, असं कोणी विचारील. माझं मत स्पष्ट आहे: शिकवणाऱ्यांत उणेपणा नव्हता. दिल्लीला सरकारी स्टेडियमचं छत्र होतं; इकडं पेठेतली जुनी तालीम आणि एका माणसाची जिद्द. मॅट, वैद्य, परदेशी सराव हे सारं पैशाचं काम आहे, आणि तो पैसा आपल्याकडे उशिरा आला, तोही पुण्यापर्यंत. निलंगा, कंधार, मुखेडच्या पोराला अजूनही पेटी उचलूनच निघावं लागतं.

जानेवारी 2020 मध्ये पुण्याला, बालेवाडीत, महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत लागली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे; रोज एकमेकांशी लढत करणारे. हर्षवर्धननं 3-2 अशा गुणांनी कुस्ती मारली आणि लगेच हरलेल्या शैलेशला आपल्या खांद्यावर उचलून घेतलं.