ब्लूटूथ
मोबाइल, इअरफोन, मनगटी घड्याळ यांसारखी वैयक्तिक इलेक्ट्रॉनिक उपकरणे तारेविना, साधारणतः १० मीटरच्या टप्प्यात परस्परांशी जोडणारे रेडिओ तंत्रज्ञान. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये त्याच्या विकासास प्रारंभ झाला. हे तंत्रज्ञान २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना भारतात २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट मिळाल्यामुळे कोल्हापुरातील घरात वा दुकानात ती वापरण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. मात्र वाय-फायही याच पट्ट्यात असल्याने, संदेशांची सरमिसळ टाळण्यासाठी मूळ प्रकारचे ब्लूटूथ ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १,६०० वेळा वारंवारता बदलते. या बदलांचा क्रम मुख्य उपकरणाचा पत्ता व त्यातील कालमापक यांवरून ठरतो आणि त्याच क्रमाने चालणारी कमाल सात उपकरणे एका वेळी त्याच्याशी सक्रिय राहू शकतात. पहिल्या जोडणीच्या वेळी, म्हणजे पेअरिंग करताना, दोन्ही उपकरणांना पडदे असल्यास त्यांवरील सहा अंकी क्रमांक सारखा असल्याची खात्री केल्यावर गुप्त किल्ली निश्चित होते व पुढील संदेश तिच्या आधारे सांकेतिक रूपात जातात. शरीरातील पाणी या लहरी शोषून घेत असल्याने खिशातील मोबाइलवरून कानातील इअरफोनकडे जाणारा आवाज कधीकधी तुटतो. अनोळखी उपकरणाकडून आलेली जोडणीची विनंती नाकारणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक आहे.