रोमन चांदीच्या नाण्यांवरील स्त्रीप्रतिमा आणि दिवेआगर परिसरातील मातृनामे

प्रस्तावना : रायगड जिल्ह्यातील दिवेआगर हे शके ९८२ (इ.स. १०६०) च्या मराठी ताम्रपटामुळे अभ्यासकांना परिचित आहे. या किनाऱ्याचा सागरी इतिहास मात्र त्याहून सुमारे हजार वर्षे मागे जातो. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सेमिल्ला (चौल) व मंदगोरा या बंदरांचा उल्लेख आहे. दिवेआगरच्या उत्तरेस असलेल्या राजपुरी खाडीवरील मांदाड म्हणजेच मंदगोरा, असे काही संशोधक मानतात.

रोमन नाणी : भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस व टायबेरियस या सम्राटांची नाणी प्रामुख्याने आढळतात. टायबेरियसच्या नाण्याच्या दर्शनी बाजूस सम्राटाचे मुख असून मागील बाजूस राजदंड व डहाळी धारण केलेली आसनस्थ स्त्री आहे. ती शांतिदेवतेच्या रूपातील राजमाता लिव्हिया होय, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे एकाच नाण्यावर पुत्र आणि माता एकत्र येतात. पुढे फॉस्टिना, जुलिया डोम्ना आदी सम्राज्ञींच्या नाण्यांवर जूनो, व्हीनस, सेरेस या देवता आल्या, परंतु इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने चांदीचा कस कमी केल्यानंतर भारताकडे प्रामुख्याने सोनेच येऊ लागले.

पश्चिम भारतातील स्थिती : रोमन नाणी बदलून घेण्यात नफा होतो, असे ‘पेरिप्लस’ भडोचविषयी नोंदवतो. त्यातील बरीच चांदी वितळवली गेली असावी, असे अनुमान करता येते. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजमुख व ग्रीक अक्षरे आहेत. मागील बाजूस मात्र बाण व वज्र आहेत. स्त्रीप्रतिमेला तेथे स्थान नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या सुमारे १३,२५० नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला. नहपानाच्या मुखावर अशा रीतीने मातृनामयुक्त राजनाम आले. मांदाडजवळील कुडे लेण्यातील लेखातही महाभोज मांदव खंदपालित हा महाभोजी सडगेरी विजयेचा पुत्र म्हणून ओळखला जातो.

निष्कर्ष : मातृनामावरून मातृसत्ता सिद्ध होत नाही, तशी लिव्हियाच्या प्रतिमेवरून रोममधील स्त्रीसत्ताही सिद्ध होत नाही. तथापि राजाच्या प्रतिष्ठेसाठी मातेची ओळख दोन्हीकडे आवश्यक वाटली. रोमने ती प्रतिमेतून मांडली, तर सातवाहन व महाभोजांनी अक्षरांतून. म्हणून या किनाऱ्याच्या रोमन संपर्काचा अभ्यास करताना नाण्यांइतकेच लेण्यांतील लेखही विचारात घेणे अगत्याचे ठरते.