कंपायलर की इंटरप्रिटर? कुलाबा ते परभणी

"आधी सी शीक, पायथन काय, नंतर येतंच!" परभणीकडच्या पोरांना हा सल्ला अजून मिळतो. मंडळी, त्यामागचा हिशोब जुना आहे.

१९६४ साली मुंबईच्या टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० आला. मशीन एक, रांगेत देशभरचे शास्त्रज्ञ. कार्डांवर फोरट्रान पंच करायचं, गठ्ठा द्यायचा आणि छापील कागदाची वाट बघायची. मशीनचं मिनिट माणसाच्या दिवसापेक्षा महाग! तिथे कंपायलरच हवा. भाषांतर एकदाच, मग आकडेमोड सुसाट.

१९८४ च्या सरकारी 'क्लास' प्रकल्पात शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. रॅम ३२ केबी, बेसिकचा इंटरप्रिटर थेट रॉममध्ये. ओळ टाइप करा, रन म्हणा. चुकली की लगेच 'मिस्टेक'. (इतका स्पष्टवक्ता एरर मेसेज विरळाच.) हळू? हो, हळूच. पण आता वेळ पोरांचा वाचत होता. गंमत म्हणजे, वेग हवाच असेल तर त्याच बेसिकमध्ये असेंब्लीही लिहिता यायची.

असो. सेलू-गंगाखेडकडे ज्याच्या हाती कॉम्प्युटर दिवसातून तासभरच येतो, त्याला मी पायथनच सांगतो. सी पुढच्या वर्षी, मेमरी कशी चालते ते बघायला.