हायब्रिड कालावधी (रिबाउंड रंबल)

हायब्रिड कालावधी हा फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन या शालेय विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतील २०१२ सालच्या 'रिबाउंड रंबल' या बास्केटबॉलसदृश खेळाचा पहिल्या १५ सेकंदांचा भाग होता. एरवी या वेळात यंत्रमानव केवळ आधी लिहिलेल्या आज्ञावलीवर चालतो. त्या वर्षी मात्र मायक्रोसॉफ्टच्या काइनेक्ट संवेदकासमोर उभ्या असलेल्या खेळाडूला हातवाऱ्यांनी सूचना देण्याची मुभा होती. काइनेक्ट यंत्रमानवावर नसून मैदानाबाहेर असे. तो अवरक्त किरणांनी अंतर मोजून शरीराचे सांधे ओळखत असे. संघांना पुरवलेल्या आज्ञावलीत प्रत्येक हाताचा कोन स्वतंत्र जॉयस्टिकप्रमाणे वाचला जाई. त्यामुळे हात वर-खाली करून दोन्ही बाजूंची चाके फिरवता येत. चाल देण्यास हे पुरेसे होते, नेम धरण्यास नव्हे. ठरलेल्या जागेवरून चेंडू टाकायचा असल्यास आधी लिहिलेली आज्ञावलीच अधिक भरवशाची ठरे.